घरोघरीची दप्तरे आणि आपल्या ज्ञातीचा इतिहास

आपल्या पूर्वजांचे स्मरण ठेवावे, कुळाचा इतिहास जतन करावा, असा उपदेश ज्ञातीच्या प्रत्येक संमेलनात होत असतो. श्रोते माना डोलावतात, टाळ्याही पडतात. परंतु घरी परतल्यावर माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढून तीत काय आहे हे पाहणारे फार थोडे. स्मरणिकेच्या कामानिमित्त गेली काही वर्षे आमचा अनेक घरांशी संबंध आला. त्या अनुभवाने आम्हांस वाटू लागले आहे की, नामदेव शिंपी ज्ञातीचा इतिहास लिहिला गेला नाही याचे कारण साधनांचा अभाव हे नव्हे. साधने आहेत, ती आपल्याच घरांत आहेत, आणि दरवर्षी घर बदलताना, वाडा पाडताना किंवा वडीलधाऱ्यांच्या पश्चात ती आपल्याच हातांनी रद्दीत वा नदीत जात आहेत. या विषयाकडे ज्ञातिबंधूंचे व विशेषतः भगिनींचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हा लेख.

संतकुटुंबाची वंशावळ

आपल्या ज्ञातीस वंशावळीचा पहिला धडा फार प्राचीन काळी मिळालेला आहे. श्रीनामदेवांचा जन्म परंपरेनुसार शके ११९२ म्हणजे इ. स. १२७० साली व समाधी शके १२७२ म्हणजे १३५० साली झाली. त्या काळच्या मोठमोठ्या राजकुळांतील स्त्रियांची नावेही आज सहसा सापडत नाहीत. नामदेवांच्या घरचे मात्र प्रत्येक माणूस आपणांस नावाने ठाऊक आहे. वडील दामाशेटी, आई गोणाई, पत्नी राजाई. नारा, विठा, गोंदा व महादा हे चार पुत्र. लाडाई, गोडाई, येसाई व साखराई या चार सुना. कन्या लिंबाई, बहीण आऊबाई, आणि घरात वाढलेली दासी जनी. हे सर्व आपणांस कशामुळे कळले? त्या घरातील माणसांच्या नावे चालत आलेल्या अभंगांत एकमेकांची नावे आली, आणि वारकऱ्यांनी ती पिढ्यानपिढ्या मुखात ठेवली म्हणून. जेथे लेक, सून, बहीण आणि दासी यांची नावे पुरुषांच्या बरोबरीने टिकली, असे हे कुटुंब आपल्या ज्ञातीचे भूषण आहे.

परंपरा आणखी एक गोष्ट सांगते. नामदेवांच्या समवेत घरच्या सर्वांनी पंढरीस समाधी घेतली, तेव्हा लाडाई गरोदर असून माहेरी गेलेली होती; ती मागे राहिली व तिच्या पोटी वंश पुढे चालला. ही कथा परंपरेची आहे, तीस कागदाचा आधार नाही. परंतु तीत जो अर्थ आहे तो वंशावळ करणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. कुळाचा धागा पुष्कळदा सासर-माहेरच्या वाटेवरच सापडतो. त्याचे प्रत्यंतर आम्हांस कसे आले, ते पुढे सांगूच.

आपल्याविषयी कोणी काय लिहिले?

मराठ्यांच्या इतिहासाची साधने गोळा करण्याची चळवळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या साधनखंडांपैकी पहिला १८९८ साली निघाला आणि एकूण खंड बावीस झाले. मिरजेस वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनी दप्तरांतून लेखसंग्रह सिद्ध केला. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. पुढे रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग संपादिले. हे कार्य थोर आहे. तथापि त्याचा ओघ साहजिकच राजकारणाकडे, लढायांकडे व सरदार-मुत्सद्द्यांच्या घराण्यांकडे होता. ज्या फौजा अटकेकडे गेल्या त्यांचे डेरे, राहुट्या, निशाणे आणि अंगरखे कोणीतरी शिवलेच होते. त्या हातांची नावे मिळावयाची तर ती हिशेबांच्या कागदांतच मिळावयाची. गावगाड्यातील अलुत्यांच्या याद्यांत शिंप्याचे नाव येते, पण ते धंद्याचे नाव, माणसाचे नव्हे.

इंग्रज अमदानीत सरकारी ग्रंथांनी आपली दखल घेतली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात शिंपी ज्ञातीचे वर्णन आहे. बाहेरच्याने कोणत्याही समाजाचे वर्णन करावे तसे ते आहे : पेहराव, आहार, चालीरीती, सणवार. उपयुक्त खरे, पण त्यावरून कोणा एका घराची ओळख पटावयाची नाही. शिरगणतीचा उपयोगही मर्यादित आहे. १८७२ पासून शिरगणती होत आली, परंतु आपल्या देशात घरोघरचे तक्ते जपून ठेवलेले नाहीत, केवळ आकडे उरले. सारांश, आपल्या घराचा इतिहास दुसरा कोणी लिहून ठेवील ही आशा व्यर्थ होय.

कागद कोठे असतात?

‘आमच्याकडे जुने कागद नाहीत,’ हे वाक्य आम्ही इतक्या घरी ऐकले आहे की आता त्यावर आमचा विश्वास राहिलेला नाही. कागद म्हणजे केवळ सनद किंवा इनामपत्र अशी समजूत असल्यामुळे हे उत्तर येते. आपली ज्ञाती कारागिराची व दुकानदाराची. तिची दप्तरे सनदांची नसून वह्यांची आहेत. रोजकीर्द, खतावणी, उधारीची वही, मापांची वही, दुकानाची भाडेचिठ्ठी, गहाणखत, शिवणयंत्राच्या हप्त्यांच्या पावत्या, ही आपली साधने. एका घरी मापांच्या जुन्या वहीत शेवटच्या पानावर घरातील सात जन्म आणि तीन मृत्यू तिथीवारासह टिपलेले आम्हांस आढळले. गिऱ्हाइकाच्या छातीच्या मापाशेजारी लेकराच्या जन्माची वेळ! लिहिणाऱ्याजवळ दुसरी वही नव्हती.

याखेरीज जन्मपत्रिका, लग्नाच्या याद्या व निमंत्रणपत्रिका, वाटणीपत्रे, दत्तकपत्रे, पोस्टाचा शिक्का असलेली कार्डे, छायाचित्रांच्या पाठीवरील मजकूर, हे सर्व जमेस धरावे. आहेराची वही तर आप्तसंबंधांचा आरसाच असते. कोण कोणत्या गावाहून आले, कोणत्या नात्याने आले, हे तीत कळते. आणि भांडी विसरू नयेत. लग्नात आलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांवर देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव घालण्याची आपल्याकडे चाल आहे. ज्या स्त्रीचे नाव कोणत्याही कागदावर नाही, तिचे नाव घागरीच्या गळ्याशी कोरलेले सापडते. ती घागर मोडीत घालण्यापूर्वी निदान तिच्यावरील अक्षरे उतरून घ्यावीत.

घराबाहेरची साधने तीन ठिकाणी शोधावीत. पहिले, तीर्थक्षेत्रे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, प्रयाग, काशी, गया व हरिद्वार येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची नावे, गावे व पिढ्या नोंदविलेल्या असतात. या वह्या गाव व ज्ञाती यांनुसार लावलेल्या असल्याने आपले मूळ गाव ठाऊक असणे अवश्य आहे. हरिद्वारच्या वह्यांचे महत्त्व परदेशीयांनीही ओळखले. अमेरिकेतील युटा येथील वंशशास्त्र संस्थेने १९७७ पासून त्यांची सूक्ष्मचित्रे घेण्याचे काम केले. दक्षिण महाराष्ट्रात व कर्नाटकाच्या सीमेवर हेळवी लोक घरोघर येऊन वंशावळी वाचून दाखवीत आले आहेत. ते दारी आले असता त्यांस विन्मुख पाठवू नये व त्यांनी सांगितलेले लिहून घ्यावे.

दुसरे ठिकाण सरकारी दप्तर. सातबारा व जुने फेरफार, वारसनोंदीचा गाव नमुना ६-क, शहरात मिळकतपत्रिका, आणि जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, ज्यास लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण नोंद बारशापूर्वी होई. ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’ एवढेच लिहून बापाचे नाव व जात दिलेली असते. जन्ममृत्यूची नोंद देशभर सक्तीची करणारा कायदा १९६९ सालचा. त्याआधीच्या पिढ्यांसाठी हीच नोंदवही मोलाची. शाळेचे जनरल रजिस्टर हेही तितकेच महत्त्वाचे. तिसरे ठिकाण म्हणजे देवालये व दिंड्या : देणगीदारांच्या फरशा, दिंडीच्या वह्या, ज्ञातीच्या विठ्ठलमंदिरांचे जमाखर्च.

सनांचा व नावांचा घोळ

जुना कागद हाती आला म्हणजे दोन अडचणी येतात. पहिली लिपीची. मोडी लिपी गेल्या शतकाच्या मध्यास शाळांतून उठली आणि दोन पिढ्यांत आपल्याच आजोबांचे हस्ताक्षर आपणांस परके झाले. मोडी शिकणे कठीण नाही. तिचे वर्ग आजही चालतात, आणि प्रत्येक गावातील दोन तरुणांनी ती शिकावी अशी आमची आग्रहाची सूचना आहे.

दुसरी अडचण कालगणनेची. शालिवाहन शकात ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो. मात्र जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथींस ७९ मिळवावे लागतात. मराठेशाहीतील कागदांवर सुहूर सन असतो व तो अरबी अंकशब्दांनी लिहिलेला असतो. हा सन मृगापासून सुरू होतो. मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ व त्यापुढे ६०० मिळवावे. सर्वांस परिचित असे उदाहरण घेऊ. पानिपतचा संग्राम शके १६८२, पौष शुद्ध अष्टमीस झाला. सुहूर सन इहिदे सितैन मया व अलफ, म्हणजे ११६१. आणि इंग्रजी तारीख १४ जानेवारी १७६१. १६८२ मध्ये ७९ आणि ११६१ मध्ये ६०० मिळवून पाहावे, एकच साल येते. मराठवाड्यातील निजामी कागदांवर फसली सन असतो. त्यात ५९० वा ५९१ मिळवावे.

नावांचा घोळ याहून मोठा. आपल्यात ‘शिंपी’ हेच आडनाव लावणारी घरे पुष्कळ. तोच गृहस्थ शाळेच्या दाखल्यावर ‘शिंपी’, खरेदीखतावर गावाच्या नावावरून पडलेल्या आडनावाचा, आणि मुंबईस गेल्यावर ‘टेलर’ असा तीन नावांनी वावरतो. तीन कागद तीन निराळ्या माणसांचे समजून वंशावळीत तीन भाऊ दाखविलेले आम्ही पाहिले आहेत. याकरिता प्रत्येक नावापुढे ते कोणत्या कागदावर, कोणत्या रूपात आले, हे लिहिण्याची शिस्त ठेवावी.

एका दाखल्याची हकीकत

हा सर्व खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आम्ही एक हकीकत सांगतो. घराण्याचे नाव देत नाही.

एका सभासद-घरातील मुलीस शिक्षणासाठी जातवैधता प्रमाणपत्र हवे होते. या संबंधीचा महाराष्ट्राचा कायदा २००१ साली अंमलात आला असून आपली जात सिद्ध करण्याचा भार त्याने अर्जदारावर टाकला आहे. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. मुलीच्या वडिलांजवळ असा एकही कागद नव्हता. पुण्यातील नदीकाठच्या पेठेत त्यांचे बिऱ्हाड होते, आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुरात घरातील पेट्या वाहून गेल्या होत्या. आजोबांची शाळा गावाकडची. ती कधीच बंद पडलेली व तिचे रजिस्टर कोठे गेले हे कोणास सांगता येईना. घरात वंशावळ होती, छापलेली, चौकटीत लावलेली. सहा पिढ्यांचे पुरुष तीत क्रमाने होते.

मुलीची आई एके दिवशी सहज म्हणाली की, आजोबांस एक बहीण होती ना? त्या चौकटीतील वंशावळीत बहीण नव्हती. मुलींची नावे घालण्याची पद्धतच नव्हती. शोध घेता ती आत्याबाई बार्शीकडे दिल्याचे कळले. त्या हयात नव्हत्या, पण त्यांचा मुलगा होता. त्याने सांगितले की आजी, म्हणजे आजोबांच्या व आत्याबाईंच्या मातुःश्री, अखेरची वर्षे लेकीकडेच होत्या व त्यांची पेटी अद्याप घरात आहे. पेटीत दोन लुगडी, विठोबाची तसबीर, आणि पोथीच्या कापडात बांधलेला मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला होता. मुलगा चौथी पास झाला याचा आईस जो अभिमान वाटला असेल, त्याची ती खूण. दाखल्यावर सन १९३८ आणि जातीच्या रकान्यात ‘ना. शिंपी’ असे स्वच्छ अक्षर होते.

त्या दाखल्यावर मुलीचे काम झाले. परंतु आम्हांस त्यापुढची गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. मुलीच्या वडिलांनी ती चौकट भिंतीवरून उतरविली व नवी वंशावळ करविली. तीत आता आत्याबाई आहेत, त्यांच्या मातुःश्री नावाने आहेत, आणि दिल्या घरच्या लेकीही आहेत. पुरुषांच्या नावांनी सजलेल्या वंशावळीने ज्या बहिणीस गाळले, तिच्याच घराने भावाचा कागद सांभाळला. लाडाईच्या कथेचे स्मरण आम्हांस झाले ते यामुळे.

मोठेपणाचा मोह

येथे आमच्या स्वतःच्या एका चुकीची कबुली देणे प्राप्त आहे. काही वर्षांपूर्वी याच स्मरणिकेत आम्ही एका घराण्याची माहिती छापली व त्या घराण्याचा मूळ पुरुष ‘सरदार’ होता असे मोठ्या अक्षरांत म्हटले. मूळ मोडी कागद आम्ही पाहिला नव्हता. घरच्यांनी सांगितले, आम्ही छापले. पुढे जाणत्या वाचकाने कागद वाचला तेव्हा ‘सरदार’ नसून ‘सरकार’ असा शब्द निघाला. ती सरकारात राहुट्या शिवून दिल्याबद्दल मजुरी पावल्याची पावती होती.

घरच्यांस प्रथम वाईट वाटले, आणि आम्हांसही संकोच वाटला. पण थोडा विचार करता दिसून येईल की, गमावले काहीच नाही. सरदारांची नावे शेकडो ग्रंथांत आहेत. राहुटी शिवणाऱ्या कारागिराचे नाव, मजुरी व तिथी यांसह सापडणे ही दुर्मिळ गोष्ट. आज त्या पावतीची प्रत त्या कुटुंबाच्या दुकानात दर्शनी लावलेली आहे. यास्तव आमची विनंती अशी की, श्रीनामदेवांचे साक्षात वंशज म्हणवून घेण्याची घाई कोणी करू नये. नामदेव सर्वांचे आराध्य आहेत. सर्वांचे मूळ पुरुष ठरविण्यास पुरावा हवा. तसेच दत्तक, दुसरा संबंध, पाटाची संतती, घर सोडून गेलेला भाऊ यांस वंशावळीतून छाटू नये. जे घडले ते लिहावे. ऐकीव माहितीपुढे ‘ऐकीव’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

संग्रह कसा करावा

आरंभ कागदांनी न करता माणसांनी करावा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ, विशेषतः आजीजवळ बसावे. स्त्रियांस दोन घरांची माहिती असते, म्हणून त्यांस माहेरचेही विचारावे. सालाचा आग्रह न धरता ‘पुराच्या आधी की नंतर’, ‘थोरल्याच्या लग्नाच्या वेळी कोण होते’ असे प्रश्न करावेत, मग साल आपोआप निघते. सांगणाऱ्याचे नाव व दिवस नोंदवावा. भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करणे आता सोपे झाले आहे, त्याचा उपयोग करावा.

कागदांस चिकटपट्टी लावू नये. ती काही वर्षांत पिवळी पडून अक्षरे खाते. प्लॅस्टिकच्या पातळ आवरणात कायमचे चिकटवून घेण्याचा जो प्रघात पडला आहे तोही घातक, कारण कागद पुन्हा मोकळा करता येत नाही. कागद उलगडून, कोरड्या मऊ कुंचल्याने धूळ झाडून, स्वच्छ सुती रुमालात बांधावेत. आपल्या ज्ञातीच्या घरी मांजरपाटास तोटा नाही! बस्त्यात वेखंडाची पुरचुंडी ठेवण्याची जुनी रीत चांगली; मात्र ती कागदास चिकटून नसावी. पेटी जमिनीवर वा बाहेरच्या भिंतीस टेकून ठेवू नये. पावसाळ्यापूर्वी व नंतर उघडून पाहावे, उन्हात वाळवू नये. क्रमांक घालणे तो शिसपेन्सिलीने. प्रत्येक कागदाचे छायाचित्र घेऊन त्याच्या प्रती निदान तीन घरी ठेवाव्यात, त्यांपैकी एक दुसऱ्या गावी, आणि एक लेकीच्या घरी. हयात व्यक्तींच्या जन्मतारखा, पत्ते व ओळखक्रमांक मात्र छापू नयेत व सर्वांस वाटू नयेत.

वाटणीच्या वेळी भांडी, दागिने व जागा यांची वाटणी होते. कागद कोणाकडे गेले हे कोणी लिहीत नाही. यापुढे तेही लिहावे.

नम्र विनंती

या अंकाच्या अखेरच्या पानावर आम्ही चार पिढ्यांचा कोरा तक्ता दिला आहे. त्यात पुरुषांसाठी जितक्या ओळी आहेत तितक्याच स्त्रियांसाठी आहेत. स्त्रियांचे माहेरचे नाव व गाव यांसही जागा आहे. येत्या कार्तिक शुद्ध एकादशीस, श्रीनामदेव जयंतीच्या दिवशी, प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून हा तक्ता भरावा व त्याची प्रत मंडळाकडे पाठवावी. जी जागा भरता येणार नाही ती कोरी ठेवावी, अंदाजाने भरू नये. जुने कागद असल्यास मूळ कागद पाठवू नयेत, केवळ छायाचित्र पाठवावे. मोडी वाचून देण्याची व्यवस्था मंडळ करील. आलेल्या तक्त्यांची गावांप्रमाणे सूची करून ती पुढील स्मरणिकेत देण्याचा आमचा मानस आहे.

गेल्या वर्षी एका वृद्ध सभासदांनी आम्हांस कळविले होते की घरी वह्यांची एक पेटी आहे, सवडीने येऊन पाहावी. आम्ही सवड काढून गेलो तेव्हा ते निवर्तले होते आणि जागा रिकामी करताना पेटी भंगारवाल्यास दिली गेली होती. त्या विलंबाचा दोष आमचा आहे. यंदा बोलावणे आल्यास आम्ही आठ दिवसांच्या आत येऊ, असे या ठिकाणी लिहून ठेवतो. तोवर आपल्या घरची पेटी कोणासही देऊ नये, ही प्रार्थना.